पवनीची पेठ आणि यवनांचा समुद्र

प्राचीन समुद्रव्यापाराचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार बहुधा बंदरापाशी येऊन थांबतात. भृगुकच्छ, शूर्पारक, कल्याण, चौल ही नावे त्यांच्या लेखणीतून पुनःपुन्हा उमटतात; गलबतांची दाटी, जकातीची ठाणी, दूरदेशीचे खलाशी आणि राजाच्या अंतःपुरासाठी उतरणारे नजराणे यांची वर्णने मोठ्या हौसेने केली जातात. परंतु त्या गलबतांत भरला जाणारा माल ज्या मुलखात निपजला, ज्या तांड्यांनी तो घाट उतरवून किनाऱ्याला आणला आणि त्याच्या मोबदल्यात मिळालेले धन ज्या पेठांतून, विहारांतून व शिल्पांतून स्थिरावले, त्या अंतर्भागाची वाट फारच थोड्यांनी चालून पाहिली आहे. माझे मत असे की, भूमध्य समुद्र आणि भरतखंड यांच्यामधील कलेच्या व व्यापाराच्या देवघेवीचा विचार एखाद्या बंदरापासून न करता भंडारा जिल्ह्यातील पवनीसारख्या, समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या नदीकाठच्या नगरापासून केला, तर त्या देवघेवीचे खरे स्वरूप अधिक स्पष्टपणे ध्यानात येते.

पवनी हे भंडारा शहराच्या दक्षिणेस वैनगंगेच्या काठी वसलेले गाव आहे. एका अंगाला नदीचे पात्र आणि उरलेल्या बाजूंना मातीचा जुना तट व खंदक अशी त्याची रचना पाहिली, की हे ठिकाण निवडणाऱ्यांना संरक्षण आणि दळणवळण या दोहोंची सारखीच जाण होती, याविषयी शंका राहत नाही. वैनगंगा सिवनीच्या डोंगरात उगम पावते, पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत विलीन होते. म्हणजे पवनीच्या घाटाखालून वाहणारे पाणी एकीकडे आंध्रदेशातून पूर्वसमुद्राला जाऊन मिळते, तर त्याच गोदावरीच्या वरच्या अंगाला सातवाहनांचे प्रतिष्ठान, आजचे पैठण, उभे आहे. पूर्वेकडे दक्षिण कोसलाचा, म्हणजे आजच्या छत्तीसगडचा मुलूख; पश्चिमेकडे कुही तालुक्यातील अडम, त्याच्याही पलीकडे कौंडिण्यपूर आणि वऱ्हाडातून अजिंठ्याच्या डोंगररांगेकडे जाणारी वाट. चारी दिशांच्या वाटा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे पेठ उभी राहते आणि पेठेच्या मागोमाग धर्म व कला चालत येतात. पवनीत नेमके हेच घडले.

गावाच्या आसमंतात जगन्नाथ टेकडी, चांडकापूरची सुलेमान टेकडी आणि हरदोलाला टेकडी अशी उंचवट्यांची नावे पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या तोंडी होती. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खाते यांनी संयुक्तपणे येथे उत्खनन केले. विद्यापीठाच्या वतीने शांताराम भालचंद्र देव आणि खात्याच्या वतीने जगत्पती जोशी यांनी ते चालवले व त्याचा वृत्तांत १९७२ साली नागपूर विद्यापीठाने प्रसिद्ध केला. त्या उत्खननात जगन्नाथ टेकडीच्या आणि चांडकापूरच्या टेकडीच्या पोटातून विटांचे प्रचंड बौद्ध स्तूप बाहेर आले. सांचीच्या महास्तूपाचा व्यास सुमारे ३६.६ मीटर आहे. पवनीचे हे दोन्ही स्तूप त्याहून मोठे भरले. ज्या प्रदेशाला अरण्यमय व मागासलेला म्हणून इतिहासाच्या पानांवर एखाद्या ओळीची जागा मिळत असे, त्या प्रदेशात सांचीला मागे टाकणारे स्तूप उभारण्याइतके द्रव्य, कारागीर आणि श्रद्धा ही तिन्ही एकवटली होती, ही गोष्ट विदर्भाच्या इतिहासाला कलाटणी देणारी होती.

आता हे द्रव्य कोणाचे, असा प्रश्न उद्भवतो, आणि त्याचे उत्तर शिळांवरच कोरलेले आहे. स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्याचे स्तंभ आणि आडव्या शिळा यांवर ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत दात्यांची नावे आढळतात. कुणा सम्राटाची प्रशस्ती तेथे नाही. कुणी एक स्तंभ दिला, कुणी एक शिळा दिली, आणि देणाऱ्याने आपले नाव दोन-चार शब्दांत नोंदवून ठेवले, एवढेच. या दात्यांत नाग नावाचा एक मनुष्य स्वतःला पंचनेकायिक, म्हणजे बौद्ध आगमांचे पाचही निकाय जाणणारा, असे म्हणवतो. हीच उपाधी भारहूतच्या आणि सांचीच्या लेखांतही आढळते. तीन ठिकाणे परस्परांपासून इतकी दूर, परंतु पांडित्याची पदवी एक, लिपी एक, दान नोंदवण्याची रीत एक. यावरून या स्थळांना जोडणारा भिक्षूंचा व उपासकांचा राबता किती नित्याचा असला पाहिजे, हे सहज कळून येते.

पवनीच्या शिल्पांत मुचलिंद नागाचा स्तंभ विशेष लक्षवेधी आहे. बोधिप्राप्तीनंतर ध्यानस्थ बसलेल्या बुद्धावर वादळी पाऊस कोसळू लागला, तेव्हा मुचलिंद नागराजाने आपल्या फणांचे छत्र त्याच्यावर धरले, ही कथा सर्वश्रुत आहे. पवनीच्या शिल्पकाराने फणा उभारलेला हा नाग कोरला आणि पाहणाऱ्याची गफलत होऊ नये म्हणून शेजारी त्याचे नावही लिहिले. त्या काळच्या कलेत बुद्धाची मानवी आकृती दाखवीत नसत. आसन, वृक्ष, पावले, चक्र अशा चिन्हांवरूनच त्याचे सान्निध्य सूचित होई. चित्राशेजारी नाव लिहिण्याची ही पद्धत भारहूतची खास ओळख होय, आणि तेथेही मुचलिंदाचे शिल्प नावानिशी आहेच. १८७३ साली अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी भारहूतचे अवशेष उजेडात आणले, तेव्हा तेथील तोरणाच्या लहान खांबांवर खरोष्ठी लिपीतील अक्षरे सापडली. ती पाथरवटांच्या खुणा होत, असे विद्वान मानतात. खरोष्ठी ही वायव्येकडची, गांधार देशाची लिपी. म्हणजे यवन, अर्थात ग्रीक, राजांच्या नाण्यांचा जेथे चलनव्यवहार होता, त्या मुलखातील हात भारहूतच्या तोरणावर राबले होते. भारहूतच्या कठड्यावर केसांना फीत बांधलेला आणि परदेशी धाटणीचा वेष केलेला एक योद्धाही कोरलेला आहे. या परंपरेचे दक्षिणेकडचे टोक पवनीच्या स्तंभांत दिसते. पवनीच्या कारागिराने भूमध्य समुद्राचे नावही कदाचित ऐकले नसेल. परंतु त्या समुद्राच्या काठच्या कलेशी ज्यांचा प्रत्यक्ष संबंध आला होता, अशा कारागिरांच्या परंपरेत त्याचा हात घडला होता.

कलेकडून आता व्यापाराकडे वळू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ईजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषी नाविकाने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती देणारे एक प्रवासपुस्तक लिहिले. पेरिप्लस या नावाने ते प्रसिद्ध आहे. लेखक साहित्यिक नव्हे. तो व्यवहारचतुर मनुष्य आहे आणि म्हणूनच त्याची साक्ष मोलाची वाटते. भृगुकच्छापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, असल्याचे तो सांगतो. पैठणहून गोमेदासारखे रंगीत खडे आणि तगरहून सुती कापड, मलमल व तऱ्हेतऱ्हेचा इतर माल बैलगाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मोठ्या मुलखातून भृगुकच्छाला आणला जातो, असे त्याने नमूद केले आहे. समुद्राकाठच्या प्रदेशांतून येणारा माल तगरला गोळा होतो, असाही त्याचा दाखला आहे. तो किनारा बहुधा पूर्वेकडचा. म्हणजे दख्खनेच्या पोटातून पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही समुद्रांना जोडणाऱ्या वाटा त्या काळी वाहत्या होत्या.

या मालाच्या मोबदल्यात काय येत असे, याचीही यादी तो देतो, आणि ती वाचताना त्या काळच्या पेठेचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. इटलीची, लाओडिकियाची व अरबस्तानची मद्ये, त्यांत इटलीच्या मद्याला अधिक मागणी, तांबे, कथील आणि शिसे, पोवळी, कच्ची काच, मनशीळ आणि सुरमा, सोन्यारूप्याची रोमन नाणी, जी येथील नाण्यांशी बदलताना नफा राहत असे, आणि राजासाठी रुप्याची भांडी, गायक, सुंदर दासी, उंची वस्त्रे व सुगंधी द्रव्ये. जहाजे आषाढाच्या सुमारास ईजिप्तहून निघत आणि नैर्ऋत्येच्या मोसमी वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडून येत. परतीच्या जहाजांतून आलेला माल उंटांवरून नाईल नदीपर्यंत आणि तेथून नावांनी अलेक्झांड्रियाला जाई, व रोमन सरकार त्याच्या किमतीची चौथाई जकात म्हणून वसूल करी. भारताच्या व्यापारापायी दरसाल पाच कोटी सेस्टर्स साम्राज्याबाहेर जातात, अशी तक्रार रोमन ग्रंथकार प्लिनी याने करून ठेवली आहे. त्याच प्लिनीने आणखी एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे. रोमन स्त्रियांना भारतीय मोत्यांचे जितके अप्रूप, तितकेच भारतीयांना भूमध्य समुद्रातील पोवळ्यांचे, असे तो म्हणतो. आजही आपल्याकडे मंगळाचा खडा म्हणून जे लाल पोवळे सराफाकडून पारखून घेतात, त्यातले अस्सल पोवळे त्याच समुद्राच्या तळातून येत आले आहे.

विदर्भातून या व्यापारात कोणता माल पडत असे, याचा विचार करताना माझे लक्ष वारंवार हिऱ्याकडे जाते. पवनीच्या आग्नेयेस, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील वैरागडच्या हिऱ्याच्या खाणी मध्ययुगात प्रसिद्ध होत्या. आइने अकबरीत त्यांचा उल्लेख आहे. त्याच्या पुष्कळ आधी, सहाव्या शतकात, वराहमिहिराने बृहत्संहितेत हिऱ्यांची उत्पत्तिस्थाने सांगताना वेणातटाच्या हिऱ्याला शुद्ध म्हटले आहे, आणि ही वेणा म्हणजे वैनगंगा असे अनेक विद्वान मानतात. कौटिल्यानेही वज्राच्या स्थानांत सभाराष्ट्राची गणना केली असून टीकाकाराने त्याचा अर्थ विदर्भ असा लावला आहे. आता या हिऱ्याचा भूमध्य समुद्राशी संबंध काय? प्लिनी सांगतो की, हिरा फोडला म्हणजे त्याच्या अतिसूक्ष्म कपच्या होतात. रत्नांवर कोरीवकाम करणारे कारागीर त्या मोठ्या कष्टाने मिळवतात, लोखंडाच्या दांडीत बसवतात आणि त्यांनी कठीणात कठीण खडाही लीलया कोरतात. रोमन उमरावांच्या मुद्रिकांवर देवदेवतांच्या ज्या नाजूक आकृती आपण पाहतो, त्यांच्यामागे असे हे हत्यार होते, आणि हिरा त्या काळी मुख्यत्वेकरून भारतातून जात असे. कच्चा माल आणि कला यांच्यात आपण जी भिंत घालतो, ती या कपचीपुढे टिकत नाही.

हत्यार आपण पाठवले, तशी मूर्तीही पाठवली. १९३८ साली इटलीतील पॉम्पेई नगरात, व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली, हस्तिदंताची एक वीतभर उंचीची स्त्रीमूर्ती सापडली. कंबरेला मेखला, हातापायांत कांकणे व तोडे यांची रास, दोन्ही अंगांना दोन लहान सेविका, असे तिचे रूप. ती अस्सल भारतीय आहे, हे ओळखायला पंडिताची गरज नाही. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये गाडले गेले, तेव्हा त्यापूर्वीच ती तेथे पोहोचली होती. तिच्या तळाशी खरोष्ठी लिपीतील एक अक्षर आहे. प्रथम ती मथुरेची किंवा गांधाराकडची असावी, असे तर्क झाले. परंतु पुढे तिच्या जातकुळीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती तेरला आढळली आणि १९७३ साली जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननातही अशीच एक मूर्ती मिळाली. भोकरदनचे उत्खनन रमेश गुप्ते यांच्यासह ज्यांनी केले, ते शां. भा. देव हेच पवनीचे उत्खनक होत. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथील दात्यांची नावे सांची आणि भारहूत या दोन्ही ठिकाणच्या कठड्यांवर कोरलेली आहेत. शिवाय सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या दंतकारांनी, म्हणजे हस्तिदंताचे काम करणाऱ्यांनी, रूपकर्म केल्याचा स्पष्ट लेख आहे. हस्तिदंतावर सराव झालेले हात दगडावर चालले, त्याच हातांनी घडवलेला नाजूक माल भृगुकच्छाच्या वाटेने समुद्रापार गेला, आणि ज्या घराण्यांनी तो विकला त्यांनीच नफ्याचा वाटा स्तूपाच्या कठड्याला लावला, ही साखळी जोडण्यास फारशी कल्पनाशक्ती खर्च करावी लागत नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीत समुद्रदेव पोसायडनची जी कांस्यमूर्ती सापडली, ती याच रहदारीच्या उलट दिशेची साक्ष आहे.

रोमन नाण्यांचे मोठे साठे तामिळ देशात जितके सापडतात, तितके दख्खनेत सापडत नाहीत, आणि त्यावरून काही अभ्यासकांनी या मुलखाचा व्यापारातील वाटा कमी लेखला आहे. हा निकष मला अपुरा वाटतो. नाणे वितळते, मोडले जाते, नव्या छापाखाली जाते. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडलेला साठा पाहावा. तेरा हजारांहून अधिक रुप्याची ही नाणी क्षहरात क्षत्रप नहपानाची होती. एका बाजूला राजाचा मुखवटा आणि त्याभोवती ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला ब्राह्मी व खरोष्ठी लेख. एवढ्याशा नाण्यावर तीन लिप्या, आणि मुखवट्याची कल्पना मुळात यवनांच्या नाण्यांवरून आलेली! त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केल्यानंतर आपला छाप मारला. याच नहपानाचा जावई उषवदात हा शक. त्याने नाशिकच्या लेण्यातील भिक्षूंसाठी गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापणे ठेव म्हणून ठेवली, दोन हजार दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि एक हजार पाऊण टक्क्याने. परदेशी वंशाचा सरदार, स्थानिक विणकरांची पेढी आणि बौद्ध संघ यांचा हा करार आजच्या कोणत्याही बँकेच्या दस्तऐवजाइतका चोख आहे.

अशाच एका परदेशीयाचे नाव पवनीत कोरलेले आहे. तेथे मिळालेल्या एका स्तंभावर महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याचा उल्लेख असून, हा त्याचा छायास्तंभ, म्हणजे मृत्यूनंतर उभारलेला स्मारकस्तंभ, असल्याचे लेख सांगतो. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी हा लेख वाचून प्रसिद्ध केला. पवनीलाच सापडलेला भार वंशीय राजा भगदत्ताचा लेखही त्यांनीच प्रकाशात आणला होता, आणि विदर्भाचा प्राचीन इतिहास लेखबद्ध करण्याचे त्यांचे ऋण आपण अद्याप पुरतेपणी फेडलेले नाही. रुपिअम्म हे नाव भारतीय नव्हे, महाक्षत्रप ही पदवीही इराणी राज्यव्यवस्थेतून आलेली. परंतु त्याचे स्मरण ज्या रीतीने केले गेले, ती रीत येथील आहे; आंध्रातील नागार्जुनकोंड्यालाही असे छायास्तंभ सापडतात. भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी, स्तंभ दख्खनी, आणि नाव मध्य आशियाच्या गवताळ मैदानांतून आलेले. ज्या लोकांशी लढाया झाल्या, त्यांना येथल्या मातीने आपल्या विधीप्रमाणे निरोप दिला, ही गोष्ट मला कोणत्याही रोमन मोहरेहून अधिक मोलाची वाटते.

सातवाहनांनंतर वाकाटक आले, त्यांची राजधानी नंदिवर्धन जवळच रामटेकच्या परिसरात उभी राहिली. पश्चिमेकडील रोमन साम्राज्य खिळखिळे झाले, तांबड्या समुद्राच्या वाटेवरील रहदारी रोडावली, आणि पवनीचे स्तूप हळूहळू टेकड्यांत जमा झाले. परंतु वाटा नाहीशा झाल्या नाहीत. रतनपूरच्या कलचुरी वंशातील पहिल्या जाजल्लदेवाचा १११४ सालचा शिलालेख आहे. त्यात त्याला खंडणी अथवा नजराणा पाठवणाऱ्या मांडलिकांत वैरागर, लांजिका आणि भाणार यांची नावे शेजारीशेजारी येतात. वैरागर म्हणजे हिऱ्यांचे वैरागड, लांजिका म्हणजे बालाघाटकडील लांजी, आणि भाणार म्हणजे आपले भंडारा. वैनगंगेच्या खोऱ्यातील ठाण्यांची ही साखळी तेव्हाही अखंड होती.

याच शतकात भूमध्य समुद्राच्या काठून भारतात आलेल्या एका मनुष्याची हकीकत येथे सांगितलीच पाहिजे. उत्तर आफ्रिकेतील महदिया बंदराचा अब्राहम बेन यिजू हा यहुदी व्यापारी एडनमार्गे मंगळूरला आला आणि ११३२ पासून ११४९ पर्यंतचा बहुतेक काळ तेथे राहिला. कैरोच्या जुन्या भागातील एका सिनेगॉगच्या कोठडीत शेकडो वर्षे पडून राहिलेल्या कागदांतून त्याचा पत्रव्यवहार निघाला, आणि विसाव्या शतकात श्लोमो दोव गोइटाइन यांनी त्याचे संशोधन केले. यहुदी अक्षरांत लिहिलेल्या अरबी भाषेतील ही पत्रे. मंगळूरला बेन यिजूचा पितळी भांड्यांचा कारखाना होता आणि कारागीर भारतीय होते. एडनचे त्याचे व्यापारी मित्र तांबे, शिसे, कथील आणि फुटकी जुनी भांडी गलबतावर घालून त्याच्याकडे पाठवीत. सोबत पत्र असे की, या मोडीतून अमुक वजनाची झारी, अमुक मापाचे तस्त, अमुक घाटाचा दिवा करून पाठवावा. वजन काटेकोर दिलेले, घाट शब्दांत समजावलेला, आणि धातू चांगला आहे, तोच वापरावा, अशी ताकीद दिलेली. भूमध्य समुद्राकडच्या रिवाजाचा घाट, अरबी समुद्रापलीकडून आलेला धातू आणि दक्षिण भारताच्या कासाराचा हात, या तिघांचे मिळून एक भांडे होई.

मंगळूरच्या त्या कारखान्याचा आणि भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांच्या प्रसिद्ध धंद्याचा प्रत्यक्ष संबंध लावण्याचा माझा हेतू नाही. परंतु गिऱ्हाइकाने मोड घेऊन यावी, कासाराने ती तराजूत टाकावी, घट वजा करावी, घडणावळ ठरवावी आणि सांगितलेल्या घाटाचे नवे भांडे त्याच वजनाच्या हिशेबाने हाती द्यावे, हा जो व्यवहार आपल्या कासारआळींतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, तोच व्यवहार बाराव्या शतकात एडन आणि मंगळूर यांच्यामध्ये गलबतांवरून चालत होता. फरक अंतराचा होता. एका बाजूला गल्लीतले दुकान आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, एवढाच. पवनीच्या उत्खननाचा वृत्तांत, मिराशींचे लेखवाचन आणि कैरोच्या कागदांचे संशोधन ही तिन्ही कामे निरनिराळ्या विद्वानांनी निरनिराळ्या हेतूंनी केली. ती एका टेबलावर ठेवून वाचण्याचे काम वैनगंगेच्या खोऱ्यातील तरुण अभ्यासकांनी आता हाती घ्यावे, आणि त्याची सुरुवात पवनीच्या तटाच्या आत, जेथे वस्तीचे थर अजूनही घरांच्या पायाखाली आहेत, तेथून करावी.